बटाटेवड्याच्या तेलाचा साबण

भाट्ये, रत्नागिरी
सोमवार, १ डिसेंबर २०२५

प्रिय निशिगंधा,

आज सकाळी लवकर उठलो. चहा घेतला, अंगण झाडलं. शेजारचा दादू होडीवरून आला तो थोडे बोंबील देऊन गेला, ते साफ करून ठेवले. मग पोस्टात जाऊन पाकीट आणलं. दुपारी जेवलो, भांडी घासली आणि आता पडवीत बसून हे लिहितो आहे. घरात सगळं ठीक आहे. माझी तब्येतही ठीक आहे. पत्र बघून घाबरू नकोस. फोनवर मला फार बोलता येत नाही हे तुला माहीत आहे. तू "आणि काय आप्पा?" म्हणतेस, मी "आणि काय नाय" म्हणतो, की संपलं. आज जे सांगायचं आहे ते तेवढ्यात मावणार नाही.

एक शनिवार आड तू खेडहून येतेस. आठवडाभर पतपेढीत काम केलेलं असतं, गाडीत बसायला जागा मिळालेली नसते, आणि खांद्यावरच्या पिशवीत माझ्यासाठी कपड्यांची पावडर आणि साबणाच्या वड्या असतात. पाणी पिऊन होत नाही तोवर तू पदर खोचून दगडावर. चादरी, अभ्रे, माझ्या लुंग्या, बनियन. मग कपाट उघडून अजिंक्यचे शर्ट काढतेस. ते कोणी घातलेले नसतात तरी धुतेस, वाळवतेस, इस्त्री करून परत ठेवतेस. त्याबद्दल आपण कधी बोललो नाही. रविवारी परत जाताना तुझे हात पांढरे पडलेले असतात आणि तू रिक्षात बसता बसता सांगतेस, आप्पा, तुम्हाला एकट्याला जमायचं नाही. जमतं की नाही, त्याबद्दलच हे पत्र आहे.

तर बातमी अशी की मी साबण करायला शिकलो. हसू नकोस. बर्फाच्या कारखान्यात आयुष्यभर वजनकाट्यावर उभा राहिलो, तेव्हा मापाचं काम मला नवीन नाही. साबण म्हणजे सगळं मापच. तेल किती, कॉस्टिक सोडा किती, पाणी किती. मोबाईलवर एक बाई दाखवते, ती भराभर बोलते, म्हणून मी थांबवून थांबवून कागदावर उतरवून घेतलं. पावडरीचा भाव काय झाला आहे ते तू दर वेळी दुकानात बघतेसच. माझी पेन्शन ती केवढी, आणि तुझ्या पगारातून माझ्या लुंग्या धुवायच्या हे मला पहिल्यापासून पटत नव्हतं.

पहिल्या वेळी मी तुझ्या सासूबाईंचा भाताचा मोठा टोप घेतला. तो ऍल्युमिनियमचा. सोड्याचं पाणी त्यात ओतलं मात्र, फसफसून वर आलं आणि टोप आतून काळाठिक्कर. त्या असत्या तर टोपाच्या जागी मला ठेवलं असतं. दुसऱ्या वेळी प्लॅस्टिकची बादली घेतली, पण तेलात चुकलो. खोबरेल परवडेना. दादूकडे होडीच्या लाकडाला लावायचं तारली माशांचं तेल डबाभर पडून होतं. म्हटलं, तेल ते तेल. साबण झाला बरं का, अगदी घट्ट झाला. फेसही बरा आला. दोन लुंग्या आणि टॉवेल धुऊन दोरीवर टाकले आणि आत जाऊन जरा पडलो. उठून बघतो तर आळीतली सगळी मांजरं दोरीखाली ओळीने बसलेली, माना वर करून. एक तर लुंगीला लोंबकळत होती. दादू गडग्यापलीकडून ओरडला, "गुणाजी, कपडं धुतलंस का तारली सुकत घातलीस रं?" त्याची बायको सखू बाहेर आली, नाकाला पदर लावून म्हणाली, "भावोजी, उद्या बाजारात पाटी घेऊन बसा, लुंगीसकट विकले जाल."

त्याच आठवड्यात शनिवारी तू आली होतीस. घरात शिरल्या शिरल्या म्हणालीस, कुठेतरी उंदीर मेलाय. कपाट पुढे ओढलंस, पोटमाळ्यावर चढलीस, मोरीत फिनेल ओतलंस. मी पेपर वाचत बसलो. साबण तोवर दादूच्या खोपीत नेऊन ठेवला होता, वास तेवढा राहिला. एवढ्यासाठी तुला पोटमाळ्यावर चढवलं ह्याचं मला वाईट वाटलं, पण तेव्हा सांगितलं असतं तर तू म्हणाली असतीस, बघा, म्हणूनच मी म्हणते. आणि मग माझं पुढचं सगळं राहिलं असतं.

हे मी का सुरू केलं तेही आता सांगून टाकतो. नवरात्रात तुझी आई डोळे तपासायला राजापूरहून रत्नागिरीत आली होती, तेव्हा घरी येऊन गेली. तुला बोलली नसेल. चहा घेतला, इकडचं तिकडचं झालं, मग विमलाताईंनी बशी बाजूला सारली. म्हणाल्या, "आप्पा, रागावणार नसाल तर एक बोलते." मी म्हटलं, बोला. मग त्यांनी मला गुरुप्रसादचं सांगितलं. खेडला हार्डवेअरचं दुकान आहे, पहिली बायको बाळंतपणात गेली, माणूस सरळ आहे, त्याने स्वतः विचारलं, आणि तुला तो आवडतो हे तुझ्या तोंडावर दिसतं. तरी तू नाही म्हणालीस. का, तर आप्पांना धड टॉवेल पिळता येत नाही, त्यांना टाकून मी कुठे जाऊ. विमलाताईंच्या डोळ्यांत औषध घातलेलं होतं, त्यामुळे रडत होत्या की काय ते मला कळलं नाही. त्यांना स्टँडवर सोडून आलो. येताना कॉस्टिक सोडा घेऊन आलो.

आता खेडचं ऐक. दिवाळी झाल्यावर एका मंगळवारी मी खेडला आलो होतो. तुला कळवलं नाही. तुझ्या पतपेढीच्या रस्त्याने गेलोही नाही, कारण तू समोर आली असतीस आणि का आलात विचारलं असतंस, तर मला काही सुचलं नसतं. विचारत विचारत गुरुप्रसादचं दुकान शोधलं. मुलगा बघायला घरातलं कोणीतरी मोठं माणूस जातं. अजिंक्यच्या वेळी तुझे वडील इकडे आले होते, ह्याच पडवीत बसून त्यांनी भरतीओहोटीच्या वेळा विचारल्या होत्या. आता ते नाहीत, आणि ह्या गोष्टी ज्यांनी बोलायच्या त्या तुझ्या सासूबाईही नाहीत. राहिलो मी. उगाच जाऊन काय बोलणार? मग म्हटलं, नाहीतरी सोडा संपला आहे.

गिऱ्हाईक होतं, म्हणून मी बाजूला उभा राहिलो. एक बाई खिळे परत करायला आली होती, पुडी फोडलेली. तिच्याशी तो नीट बोलला, बदलून दिले. मग माझ्याकडे वळला. "काय देऊ काका?" म्हटलं, कॉस्टिक सोडा. "मोरी तुंबली काय?" नाही म्हटलं, साबण करतो. त्याने माझ्याकडे वरपासून खालपर्यंत पाहिलं. "भांडं कसलं घेता?" मी म्हटलं, एक ऍल्युमिनियमचा टोप गेला. तो हसला नाही, ओठ दाबून धरले तेवढे. "हातमोजे आहेत?" नाहीत. "मग सोडा मिळणार नाही. आधी मोजे घ्या, चष्माही घ्या." मी म्हटलं, विकायची चांगली तऱ्हा आहे तुमची. तर म्हणाला, "तसं समजा हवं तर. पण काका, डोळा गेला तर तो माझ्याकडे मिळत नाही." मोज्यांचे पैसे पूर्ण लावले, ते मला आवडलं. मग घरी कोण असतं विचारलं. एकटाच असतो म्हटल्यावर त्याने पुडीवर स्वतःचा नंबर लिहिला आणि सांगितलं, "सोडा पाण्यात टाकायचा, पाणी सोड्यात नाही. आणि ते करताना शेजारच्या कोणाला तरी हाक मारून जवळ बसवा." मी कोण ते त्याला माहीत नव्हतं. मीही सांगितलं नाही. बाहेर पडलो, स्टँडवर चहा प्यायलो आणि एसटीने परत आलो. बसमध्ये चांगली झोप लागली. अजिंक्य गेल्यापासून प्रवासात मला कधी झोप लागली नव्हती.

त्या सोड्याचा साबण उत्तम झाला. तेल दीपकच्या वडापावच्या गाडीवरचं, गणपतीपुळ्याच्या वाटेवर तो उभा असतो ना, त्याच्याकडे तळणीचं काळं तेल उरतंच. ते गाळून, पाण्यात उकळून, वरचं साफ तेल काढून घेतलं, त्यात आपल्या माडाचं थोडं खोबरेल घातलं. दादूला जवळ बसवला होता, तो पूर्ण वेळ सूचना देत होता. आंब्याच्या पेटीत प्लॅस्टिक अंथरून ओतला, दुसऱ्या दिवशी सुरीने कापला, आणि तीन आठवडे फळीवर हवेला ठेवला. सुरुवातीला बटाटेवड्याचा वास यायचा, आता कसलाच येत नाही. सखू दोन वड्या घेऊन गेली आणि परत मागायला आली. चादरी मी धुतो. ओली चादर माडाला गुंडाळून पिळतो, दगडापेक्षा ते बरं पडतं. अजिंक्यचे शर्टही मी धुतले, आणि वाळल्यावर कपाटात न ठेवता वापरायला काढले. मला होतात, बाह्या तेवढ्या दुमडाव्या लागतात. आज निळा घातला आहे. चांगलं कापड आहे, घालायलाच हवं होतं.

आता पत्र लिहायचं कारण. ह्या शनिवारी तू येऊ नकोस. रागाने सांगत नाही. ह्या शनिवारी गुरुप्रसादला हो सांग, आणि विमलाताईंना फोन कर, त्या वाट बघत आहेत. अजिंक्यला काय वाटलं असतं असं तुझ्या मनात येत असेल. तो माझा मुलगा होता, त्याच्या वतीने एवढं मी बोलू शकतो, त्याला हे चाललं असतं. माझं म्हणशील तर मला दुःख आहे आणि ते राहील, पण ते माझ्याबरोबर नीट राहतं. त्याला सांभाळायला कोणी लागत नाही. लग्न झाल्यावर दोघं या, चार दिवस राहा, आणि दगडाकडे फिरकायचं नाही, पाहुण्यांसारखं बसून खायचं. तुझ्या वडिलांच्या जागी मी जाऊन आलो आहे, तेव्हा निरोपही रीतीप्रमाणे देतो. मला मुलगा पसंत आहे. नळाला पाणी आलेलं दिसतं. आता उठतो आणि भरून घेतो.

तुझाच,
आप्पा