फाशीच्या कैद्याची भाकर

७ फेब्रु. ८२, रवि.
आज कळलं. ह्यांनी किसनला बाप्तिस्मा दिला. पंधरवडा झाला म्हणं, आणि मला आज सांगतात, वरणात भात कालवता कालवता! पाळक म्हणून औरंगाबादच्या जेलात महिन्याला जातात, गाणी, प्रार्थना, तेवढंच असं मी समजून होते. त्यात किसन पण बसतो हे कोण सांगणार? माझ्या दादाला अन् वहिनीला वालूरच्या शेतात बांधाच्या भांडणावरून कुऱ्हाडीनं तोडलं, तो किसन.
"पश्चात्ताप खरा आहे त्याचा," म्हणले. असंल. माझा दादा काय खोटा मेला?
ताट तसंच ठेवून उठले.

१० फेब्रु.
अंग मोडून आलंय. काम होईना.
हायकोर्टानं किसनची फाशी कायम केली तेव्हा ह्यांनी चर्चमध्ये सांगितलं होतं, सरकार देवानंच नेमलेलं, त्याच्या हातातली तलवार शोभेची नाही. नामांतराच्या मोर्च्याला निघालेल्या आपल्या पोरांना पण तेच. "अधीन ऱ्हावा रे." पोरं गेलीच. मी मात्र दोन्ही वेळी मान हलवली. फाशीच्या वेळी जरा जोरातच. खोटं कशाला लिहू, बरं वाटलं होतं.

१९ फेब्रु.
किसनची माय आली, वालूरहून. उंबऱ्याबाहेरच बसली. पाणी दिलं. न देऊन कसं चालंल.
राज्यपालाकडं दयेचा अर्ज करायलेत. वकील म्हणला, मयताच्या घरच्यांनी सही दिली तर वजन पडतं.
"बाई, म्या तोंड दाखवाया लायक न्हाई. पर लेकरू हाय माझं."
"माझी वहिनी पण कुणाचं तरी लेकरूच होती."
उठून गेली, कागद तिथंच ठेवून. मला वाईट वाटलं नाही. दिवसभर पाठ मात्र दुखली.

२० फेब्रु.
ह्यांना विचारलं, काय करू. म्हणले, "आत्मा वाचला, बस. देहाचं सरकार बघंल. त्यात आपण हात घालू नये." सुटल्यासारखं झालं.
पेडगावहून धाकट्या भावाचा पण निरोप: सही केलीस तर तू मला मेलीस.
म्हणजे सगळ्यांचं एकच. मग झोप का लागंना, देव जाणे.

६ मार्च, शनि.
उद्या चर्चमध्ये प्रभुभोजन, येशूच्या आठवणीची भाकर सगळ्यांनी मोडून खायची. लग्न होऊन सेलूला आले तवापासून त्याची भाकर मीच करते. कणीक मळायला बसले तर हे म्हणतात, थोडी जास्त कर, सोमवारी जेलात न्यायचीय. किसनला.
"माझ्या हातची?"
"चर्चच्या मंडळीची असती ती. तुझी कुठली?"
"मळायली कोण, मंडळी?"
चांगलं वाजलं आमचं. हे चर्चमध्ये जाऊन बसले.
एका भाकरीतले खाणारे सगळे भाऊ-बहिणी, हे ह्यांचंच शिकवणं. म्हणून तर भांडलेल्यांना मागं बसवतात, आधी मिटवून या म्हणतात. मग किसननं ही खाल्ली की तो माझा कोण? भाऊच ना? मग भावाला फासावर कसं जाऊ द्यायचं? अन् जाऊच द्यायचं असंल तर खाऊ कशाला घालायचं? बकऱ्याला कापायच्या आधी घालतात तसं?
दमले. इतका विचार करायची सवय नाही मला.
केली शेवटी. रागानंच केली.

९ मार्च
हे आले. किसननं तुकडा हातात घेऊन विचारलं म्हणं, कुणी केली? ह्यांनी सांगितलं. मग लय वेळ खाईना. शेवटी खाल्ली.
"काय म्हणला?"
"बाईला सलाम सांगा म्हणला."
मला सलाम! दादा बाजारात दिसला की लांबूनच ओरडायचा, "सलाम, पाळकीणबाई!" चार माणसांत लाज आणायचा. त्याचा सलाम बंद केला यानं, अन् आता स्वतःचा धाडतो. चुलीपुढं बसून रडले.

१४ मार्च, रवि.
सही केली.
माफ केलं म्हणून नाही. त्याचं तोंड अजून बघवणार नाही मला. पण खाऊ घातलंय, आता मी मोकळी नाही.
कागद ह्यांच्यापुढं ठेवला. म्हणलं, तुम्ही पण करा, पाळकाच्या सहीला वजन पडतं.
"मंडळीला मी काय शिकवलंय, आठवतं ना?"
"अर्ज करायची वाट सरकारनंच ठेवलीय. दया मागणं म्हणजे काय बंड आहे?"
चष्मा पुसत बसले. ह्यांना पण जड जायलंय, दिसतं मला. पण कीव करायची ताकद नाही उरली.

२१ मार्च, रवि.
धाकटा आला. दारातूनच, "केलीस का?"
"केली."
चप्पल काढलीच नाही त्यानं. मागनं हाक मारली, वळला नाही. एक भाऊ मारला गेला, एक आज तोडून गेला, अन् तिसरा जेलात बसलाय. चांगलं माहेर आहे माझं.
किसनची माय उद्या कागद न्यायला येणार. ह्यांनी अजून सही केली नाही. चहा देताना विचारलं.
"प्रार्थना करायलोय."
"करा की. पण म्हातारी सकाळच्या गाडीनं येती. तिला काय, प्रार्थना बांधून देऊ?"
चहा तसाच निवला.