तीन पानांचा देव

प्रिय मयुरी,

नातीले दुधावरची साय म्हणतात. मग तुझ्या पोटात आहे त्याले काय म्हणावं, हे मी तुझ्या आबाजीले विचारलं. ते जाळ्याची गाठ सोडवून राह्यले होते. मान वर न करता म्हणे, "लोणी म्हण. अन् फार घुसळू नको, आधी येऊ दे त्याले." पण मी कुठी ऐकून राह्यली. तुझ्या नवऱ्याचा, स्वप्निलचा फोन आला तेव्हापासून गावातलं एक घर सोडलं नाई. इंदिराबाईले तर इतक्यांदा सांगितलं की ती म्हणे, "गुणाबाई, तुमच्या नातीले एकच लेकरू होऊन राह्यलं का चार-पाच?" म्हणू दे. तिच्या तोंडाले काय, तिच्या सुनेनं तिले अजून आजी म्हणायची पाळी आणली नाई.

माझं अक्षर पाहून हसू नको. चौथीपर्यंतची शाळा माझी, त्यातही तिसरी दोनदा. ओली माती तुडवत बगळा गेल्यावाणी अक्षर आहे, पण वाचता येते. फोन सोडून चिठ्ठी काऊन, असं तुले वाटेल. तुझ्या घरी फोन मोठ्या आवाजात लावतात, न मी इकडून बोलली की तिकडून तुझी सासू "बरं आहे का आजी" म्हणते. मोठी गुणाची बाई आहे ती. पण काही गोष्टी आधी एकट्या माणसानं ऐकायच्या असतात, मग चार जणांले सांगायच्या का नाई ते त्यानंच ठरवायचं. म्हणून खुशबूच्या हातून ही चिठ्ठी पाठवली. इंदिराबाईची लेक खुशबू, तुझ्यासंगं बोडीच्या तळ्यावर खेळत होती तीच. नर्सिंगचं शिकायले नागपूरले येऊन राह्यली. तिले जेवू घालशील. पोरगी वाळून गेली आहे, काऊन ते पुढे येईल.

तू चैतात बाळंतपणाले इकडे यायचं म्हणून राह्यली. पहिलं बाळंतपण माहेरचं, ते तर खरंच. तुझ्या येण्याचंच बोलायचं आहे मले. पण सरळ बोलता आलं असतं तर मी गुणाबाई कशाची. आधी इकडचं ऐक.

तयारी तर सारी झाली होती. आबाजीनं बाज नवीन सुंभानं विणली, अन् विणून झाल्यावर स्वतःच तिच्यावर झोपून पाहिलं, म्हणे, "मयुरीसाठी मजबूत आहे का पाहून राह्यलो," अन् सांजपर्यंत पाहतच राहिले. माझ्या जुन्या लुगड्यांची लंगोटं फाडून, धुवून, घड्या घालून ठेवली. तुझा बाप मिरची तोडायले तेलंगणात गेला, जाताना पाळण्याचं लाकूड तासून गेला. मोह यंदा लवकर गळून राह्यला. पण मी फुलं वेचायले गेली नाई. टेकडीच्या अंगाले पिवळी दोरी बांधली आहे. बोडीलेही बांधली. आबाजीचा डोंगा काठावर पालथा पडला आहे, त्याच्याखाली कोंबडीनं अंडी घातली. मासे धरायचे नाई, पाणी भरायचं नाई, ढोरं सोडायची नाई. पुढचं सांगेस्तोवर, असं म्हणतात. आबाजी तरी रोज सकाळी जाळं घेऊन बसतात. गाठी सोडवतात, अन् दुपारून तिथीच पुन्हा घालतात असं मले वाटून राह्यलं. मी विचारलं नाई.

तुले टेकडीपलीकडचं किरण फारम आठवत असेल. तुझ्या वेळेले ते पडून गेलं होतं, तुम्ही पोरं तिथी सीताफळं तोडायले जात. पण आम्ही ते चालू पाहिलं. धानाच्या बियाले किरण देऊन नवीन जात काढायचे तिथी, असं साहेब लोक सांगत. आबाजीनं त्याच्या भिंतीवर मजुरी केली. किरण कुठून येते असं एका साहेबाले विचारलं, तर साहेबानं जमिनीकडे बोट दाखवलं. घरी येऊन आबाजी म्हणे, "आपल्याले सूर्य वर आहे, साहेबाचा खाली आहे." आम्ही पोट धरून हसलो होतो. मग ते बंद झालं. साहेब गेले, गाड्या गेल्या, त्यांचं एक कुत्रं राहिलं ते आमच्याकडे मेलं. जायच्या आधी मागच्या उतारावर त्यांनी काहीतरी पुरलं अन् वर सिमेंटचा दगड उभा केला. संगं टिनाचा बोर्ड होता म्हणतात, त्याच्यावर लिहिलेलं होतं. पण टीन कोण उन्हात ठेवते? कोणाच्या तरी ढोरांच्या कोठ्यावर गेला तो पहिल्याच पावसाळ्यात. दगड तेवढा राहिला, अन् त्या दगडावर कोरलेली तीन पानं. मधात ठिपका.

आता तूच सांग. तीन पानं म्हणजे काय? बेल. अन् बेल म्हणजे महादेव. ह्यात कोणाले विचारायचं होतं? दगडाच्या खालच्या अंगाले झरा, वैशाखातही न आटणारा. सरकारनं जाता जाता देऊळ बांधून दिलं असंच वाटलं बायांले. शेंदूर लागला, नारळ फुटले, बेलबाबा नाव पडलं. एकटे आबाजी चिडवत, "अवो, पळसाले पानं तीनच असतात. तुम्ही पळसाच्या पाया पडून राह्यल्या." मग सगळ्या बाया त्यांच्या अंगावर जात. पण चिडवणारा माणूसही तुझी माय भरल्या पोटानं त्या झऱ्यावर जायची तेव्हा मागं मागं कंदील धरून जायचा.

तुझी माय नीलिमा. तिले लग्नानंतर बरीच वर्षं दिवस गेले नव्हते, हे तुले माहीत आहे. सोमवारी सोमवारी ती बेलबाबाले जायची, झऱ्याचं पाणी प्यायची, घागर भरून आणायची. मग तू झाली. पुऱ्या गावानं म्हटलं, बेलबाबाची पोर. तुझं पहिलं न्हाणं त्याच पाण्याचं. तू चालायले लागली तेव्हा नीलिमा तुले कडेवर घेऊन त्या दगडाले टेकून बसायची, तू शेंदूर चाटायची अन् ती हसायची. मग तू दुसरीत असताना ती गेली. गडचिरोलीच्या डॉक्टरनं रक्ताचं दुखणं सांगितलं. आम्ही म्हटलं, देवानं एक दिलं, एक नेलं. त्याच्यावर एवढी वर्षं काढली.

यंदा दिवाळीनंतर सरकारी लोक तपासणीले आले. पांढरे कपडे, तोंड झाकलेलं, पायाले पिशव्या. पोरं म्हणत, भुतं आली. त्यांच्यात एक रीता म्हणून पोरगी आहे, आरमोरीची, तुझ्याच वयाची. तिच्या हातात एक पेटी असते, ती टिकटिक करते. ती घरोघरी फिरली, चुलीची राख, विहिरीचं पाणी, आबाजीच्या जाळ्यातली मरळ, सगळं थोडं थोडं भरून नेलं. आमच्या घरी पेटी कमी वाजली, मी म्हटलं, "आमचं घर गरीब आहे बाई, इथी काय वाजेल." ती हसली. मले आवडली. मग तिनं विचारलं, "आजी, हा बेलबाबा कुठी आहे? सगळे तिथलं पाणी पितो म्हणतात." मीच तिले दाखवायले गेली. चढण होती, मी मागं राहिली, ती पुढं गेली. दगडाजवळ तिची पेटी अशी वाजली, गरम तव्यावर लाह्या फुटल्यावाणी. ती झटकन मागं आली, माझा हात धरला अन् खाली घेऊन आली.  

दुसऱ्या दिवशी दोरी लागली. बाया भडकल्या. इंदिराबाई दोरीच्या आत जाऊन आडवी झाली, म्हणे, "माझ्या देवाले हात लावाल तर माझ्यावरून जा." पांढरे कपडेवाले घाबरले. तिले नाई, ती जिथी झोपली होती त्या जागेले. शेवटी शाळेत सभा घेतली. रीतानं फळ्यावर खडूनं ती तीन पानं काढली, ठिपका काढला. म्हणे, "आई, मावशी, आजी, हे बेलाचं पान नाई. ही खूण आहे. जगात कुठंही काढली तरी हिचा एकच अर्थ. इथी थांबू नका, दूर जा." तिनं सांगितलं की खाली किरण लागलेलं सामान पुरलं होतं, सिमेंट फुटलं, पावसाचं पाणी त्याच्यातून झऱ्याले गेलं, झऱ्याचं बोडीले. किती गेलं, कधीपासून गेलं, ते तपासून राह्यले.

शाळेत माणसं खच्चून भरली होती. मग इंदिराबाई उठली. नेहमीसारखी भांडली नाई. हळू म्हणे, "जा असं लिहिलं होतं, अन् आम्ही ये असं वाचलं." अन् बसली.

दगड नेला तो महाशिवरात्रीच्या आदल्या दिवशी. बायांनी एकच मागणं केलं, शेवटची पूजा करू द्या. दोरीच्या बाहेरून करा, म्हटलं पांढरे कपडेवाल्यांनी. तिथून दगडापर्यंत फूल जाईना. इतकी वर्षं ज्याच्या अंगाले हात लावून बोललो त्याच्याकडे दुरून बेल फेकत होतो, वाऱ्यानं तो आमच्याच पायाशी येऊन पडत होता. मशीननं दगड उचलला, पिवळ्या पिपात घातला, झाकण लावलं. अन् पोरी, त्या पिपावर पुन्हा तीच तीन पानं. काळी, नवीकोरी. ट्रक निघाला तेव्हा अर्थ माहीत असूनही बायांनी हात जोडले. मीही. सवयीचे हात आहेत, त्यांले कोण शिकवणार.

आता माती खरवडून नेऊन राह्यले. पिपंच्या पिपं. उतारावर गवताची काडी राहिली नाई, नुसती लाल जमीन, सोललेल्या ढोरावाणी. दर महिन्याले पाणी तपासतील, मासे तपासतील, आमचं रक्तही. कितीक वर्षं, असं विचारलं तर रीता म्हणे, "आजी, तुमच्या पणतूचं लग्न होईपर्यंत तरी." तिले वाटलं मले बरं वाटेल.

खुशबूचं लग्न ठरलं होतं पोंभुर्ण्याकडे. साखरपुडा झाला होता. त्यांच्या कानावर गेलं की हे किरणाचं गाव. पोरगा चांगला होता, फोनवर रडला म्हणते, पण माय-बापापुढे गेला नाई, अन् लग्न मोडलं. पोरगी काळी का गोरी हे पाहत होते लोक, आता तिनं लहानपणी कोणत्या झऱ्याचं पाणी प्यालं ते पाहतात. म्हणून ती शिकायले निघाली. चांगलं झालं म्हण, पण तिच्यापुढं म्हणू नको.

नीलिमाचं मी रीताले एकटीले गाठून विचारलं. ती चपलेनं माती कोरत राहिली. मग म्हणे, "आजी, त्याच्यामुळंच झालं असं मले सांगता येत नाई. त्याच्यामुळं नाई झालं, असंही सांगता येत नाई." मी घरी येऊन आबाजीले तेच शब्द सांगितले. ते उठले, कंदील काढला, तो आता पेटतही नाई, त्याची काच पुसली अन् परत ठेवून दिला.

आता तुझं. तू फोनवर म्हणाली होती, "आजी, बेलबाबाच्या पाण्याची एक बाटली भरून ठेवजो, मायनं प्यालं तसं मीही पिईन." मी तेव्हाच भरली होती, पेटी वाजायच्या आधी. देवाजवळ ठेवली होती, तुझ्या नावानं हळद-कुंकू लावून. ती आता नाई. मीच रीताले बोलावून दिली. तिनं हातमोजे घालून घेतली, पिशवीत टाकली अन् पिशवीवर एक कागद चिकटवला. तीन पानांचा. हळद-कुंकू आतच राहिलं. म्हणून सांगून राह्यली, मयुरी, चैतात इकडे येऊ नको. पाणी, माती, मासे, सगळं नीट आहे असं रीता मले तोंडावर सांगेपर्यंत येऊ नको, अन् लेकराले तर आणूच नको. दुसरं ह्याहून अवघड आहे. तुझ्या डॉक्टरणीले सांग की तू ह्या गावची, अन् चालायच्या आधीपासून त्या झऱ्याचं पाणी प्यालेली. रीता म्हणे, बहुतेकांले काही होत नाई, पण डॉक्टरले माहीत असलं म्हणजे ते नीट पाहतील. खुशबूचं झालं ते पाहून तुले लपवावंसं वाटेल. सासूले सांगायचं का, ते तू अन् स्वप्निल ठरवा, पण डॉक्टरणीपासून लपवू नको. दगडावर खरं लिहिलेलं होतं अन् आम्हाले वाचता आलं नाई. तुले मी माझ्या बगळ्याच्या अक्षरात लिहिलं आहे, हे नीट वाच. बाळंतपणाले आम्हीच नागपूरले येतो, माझ्या येण्याची काळजी करू नको. लंगोटं रीताच्या पेटीखालून काढली, वाजली नाई, ती बांधून ठेवली. आबाजी बाज सोडून आणतो म्हणतात, तिथी पुन्हा विणून देईन म्हणतात. गाठी सोडवायची अन् घालायची त्यांले सवय आहे. बाळंतिणीले लागतात ते झिंगे आरमोरीच्या बाजारातून आणू, नदीचे. तू फक्त लेकराच्या न्हाण्याले एक पाट मोकळा ठेव, अन् पाणी तुमच्या नळाचंच तापव.

तुझीच,
गुणाआजी