गायरानातली जागा

खळेवाडी, ता. गेवराई
१८ जानेवारी

ती. लखनदादास, सुनिताचा सा. न. वि. वि.

फोनवर समदं सांगता येत न्हाई, म्हणून लिहिते. सरपंचपद अनुसूचित जमातीच्या बाईला सुटलं, गावात पारध्यांची घरं आपली दोनच, म्हणून मी निवडून आले. विजयसिंह मालक घरी येऊन सांगून गेले, की खुर्चीत बस, सह्या कर, बाकीचं आमी बघू. आईनं त्यांना पाणी दिलं. ते पिले न्हाईत.

सव्वीस जानेवारीच्या ग्रामसभेत ठराव मांडावा म्हणते, पारध्यांच्या मयतीला गायरानात जागा. बाबाला गावानं मसणवटीत येऊ दिलं न्हाई, ओढ्याकाठी पुरलं, आन् पुरात ती मातीबी वाहून गेली. मांडू का?

माया पातळ करू नको.
तुझी धाकटी, सुनिता

परळी वैजनाथ
२१ जानेवारी

चि. सुनितास, अनेक आशीर्वाद.

थर्मलच्या राखेचा टँकर चालवताना दिवसभर तुझंच पत्र डोक्यात. आधी नळ, रस्ता असलं मांड, समद्यांना गोड लागतं. आई मालकांच्या रानात कामाला जाते, उद्या येऊ नको म्हणले तर? मी तिथं न्हाई, म्हणून लई भ्या वाटतं. आन् सरपंचबाई, आश्रमशाळेत कविता विसरून स्टेजवर रडलेली तूच ना?

आईला जप, सोताला जास्त.
तुझा दादा, लखन

खळेवाडी
२७ जानेवारी

ती. दादास, सा. न. वि. वि.

तुझं ऐकलं न्हाई. ठराव मांडला.

बाबाला कुठं पुरलं आन् तो कुठं गेला, एवढंच सांगितलं. मालकांनी उपसरपंचाकडं बघितलं, उपसरपंचानं मान खाली घातली. कुणाचा हात उठंना. मला वाटलं, संपलं. तेवढ्यात बायांमधून मालकांची म्हातारी चुलती, जानकीबाई, उठल्या. म्हणाल्या, "हिच्या बापानं, धुळाजीनं, आमच्या ज्वारीची राखण केली. मेल्यावर त्याला हाकललं ते आमीच." आन् हात वर केला.

मग बायांचे हात उठले, मागून गड्यांचे. मालकांनी हात उचलला न्हाई, पण नकोबी म्हणले न्हाईत. ग्रामसेवकानं मला विचारलं, मंजूर लिहू का. दादा, अख्खं गाव माझ्या तोंडाकडं बघत होतं. ज्या गावात आपण मान वर करून चाललो न्हाई, ते गाव माझ्या एका शब्दासाठी थांबलं होतं. मंजूर, म्हणले.

ठराव आता तहसीलला जाईल, वेळ लागंल. आई मात्र आज मालकांच्या रानात गेलीच न्हाई. सकाळीच गायरानात जाऊन दगड वेचायला लागली.

लवकर ये, वाट बघते.
सुनिता

परळी वैजनाथ
३१ जानेवारी

चि. सुनितास, आशीर्वाद लिहितो, पण हात जोडूनच.

टँकर बाजूला घेऊन पत्र वाचलं. दोनदा वाचलं तरी खरं वाटंना. इथं कुणी जात विचारली की मी विषय बदलायचो. आज हॉटेलवाल्यानं विचारलं. पारधी, म्हणलं. बहीण गावची सरपंच हाय. त्यानं उठून समोरची खुर्ची पुसली आन् बसा म्हणाला.

तुझा, लखन