दोन कोर्टं, एक म्हैस

२ फेब्रुवारी ८३, उदगीर. सकाळ
कंधारच्या कोर्टाचं समन्स आलं. रुद्राणीनं पोटगी मागितली. माझ्याकडं! का, तर तिच्या बहिणीच्या लग्नात मी लाऊडस्पीकरवरून 'नवरदेव पळाला' म्हणून पुकारलं. गंमत होती. नवरदेव पारावर पान खात बसलेला. सासूबाईला चक्कर आली त्याला मी काय करू? तवापासून बायको माहेरी. चार महिने. मला काय फरक न्हाई. चहा स्वतः करून राहिलो. साखर कुठं ठेवलीय तेवढं सापडंना.

५ फेब्रुवारी
निश्चय: एक पैसा द्यायचा न्हाई. विरूपाक्ष काकाची आयडिया, कागदावर गरीब हो. म्हैस, लाऊडस्पीकर, दोन्ही कर्णे काकाच्या नावावर. स्टँपावर सही ठोकली. काका म्हणले, केस मिटली की सगळं तुझंच की रे बाळा. आई-बापामागं तेवढाच घरचा माणूस. म्हैस त्यांच्या गोठ्यात बांधून आलो. मागं वळून वळून बघत होती. जनावराला कायदा कळत न्हाई.

१४ फेब्रुवारी, कंधार
मुखेडपर्यंत एस.टी.त उभा. फाटका सदरा मुद्दाम. कोर्टात लिहून दिलं: मी निर्धन, धड घर न्हाई, दुष्काळी कामावर खडी फोडून पोट भरतो. खडी जन्मात फोडली न्हाई, पण फोडताना बघितलीय. रुद्राणी समोरच्या बाकावर. मी तिच्याकडं बघितलंच न्हाई. निळं पातळ होतं. वाळलीय जरा.

१ मार्च
उदगीरचे नरसिंगराव वकील लई पोचलेले. म्हणले, उलटा डाव टाक. तूच इथल्या कोर्टात नांदायला बोलावायचा दावा लाव. नवरा बोलवून राहिला आन् बायको उगंच येईना, मग पोटगी कशाची? ती येत न्हाईच, राग लई. दावा ठोकला. त्यात लिहिलं: तीन खोल्या, दारात नळ, दुभती म्हैस, लाऊडस्पीकरचा तेजीतला धंदा, राणीसारखी ठेवीन. सांगता सांगता मलाच त्या घरी नांदायला जावं वाटलं.
कंधारला काय लिहून दिलं ते वकिलाला बोललो न्हाई. कशाला? कंधार नांदेड जिल्ह्यात. आपला लातूर जिल्हा कालपरवाचा, कोरा करकरीत. एक शिपाई सांगत होता, उस्मानाबादेहून आलेली कागदांची पोती अजून सोडली न्हाईत. इकडचा कागद तिकडं कवा जायचा? सरकारनं जिल्हा माझ्यासाठीच तोडला.

२२ मार्च
नळाला नववा दिवस, थेंब न्हाई. टँकरच्या लायनीत घागर घेऊन मी एकटा बाप्या. शेजारची गुणाबाई म्हणली, काय रे सिद्धराम, नवरदेव पळाला का नवरी? सगळ्या बाया हसल्या. मीबी हसलो. सगळ्यात मोठ्यानं.
काकाकडं दुधाला गेलो. पैसे मागितले. माझ्याच म्हशीचं दूध! असू दे. केस होऊ दे.

११ एप्रिल, कंधार
तिच्या वकिलानं पिशवीतून कागद काढला. माझा उदगीरचा दावा. शिक्क्यासकट. दाव्याची नक्कल बायकोला पाठवावीच लागते म्हणे. त्या नकलेचा खर्च मीच भरला होता.
जजसाहेबांनी दोन्ही मोठ्यानं वाचले. आधी खडीवाला, मग राणीवाला. पट्टेवालाबी हसला. साहेब म्हणले, यातला खरा सिद्धराम कोणता? मी म्हणलो, साहेब, दिवसावर हाय. मग रुद्राणीला विचारलं, जाता का नांदायला? ती म्हणली, त्या दुसऱ्या कागदातला नवरा दाखवा साहेब, आत्ता पेटी उचलते. मी तर त्याला कधी बघितला न्हाई.
आन् माझ्याकडं बघून थांबली. मी बोललो असतो. माईक नव्हता.
पोटगी दीडशे रुपये महिना.

१३ एप्रिल
म्हैस मागितली. काका म्हणले, कुठली म्हैस? तूच लिहून दिलंस ना, तुझ्याकडं काही न्हाई म्हणून? कोर्टात खोटं बोललास व्हय रे?
कर्णे एका बारशात वाजून राहिलेत. पुकारणारा दुसराच. आवाजात दम न्हाई.

३० एप्रिल
पाझर तलावाच्या कामावर लागलो. खडी फोडून राहिलो. म्हंजे कंधारचा कागद खोटा नव्हताच, जरा लवकर लिहिला होता. हाताला फोड.

५ मे
पहिली पोटगी. मनिऑर्डरचा खर्च वाचवायचा म्हणून स्वतः तिच्या गावी गेलो. एस.टी.ला त्याच्या दुप्पट लागले. दारात सासूबाई. मला बघताच आधी खांब धरला. रुद्राणीनं नोटा मोजल्या, पावती दिली, हाताचे फोड बघितले. आत जाऊन पाणी आणलं. गावात टँकर तीन दिवसाला एक, तरी तांब्या काठोकाठ.
पाणी पिऊन विचारलं, साखर कुठाय? म्हणली, उतरंडीतल्या तिसऱ्या गाडग्यात. सात महिने झाले, आत्ता विचारता? पुढच्या पाच तारखेला या. उशीर नको.
स्वतःहून बोलावलं! तारीख देऊन! केस आपणच जिंकली म्हणायची.
घरी आलो. तिसरं गाडगं काढलं. साखर होती.
दूध न्हाई.