गुणी पोर

माझ्या लाडक्या आईला सुवा शहरातून लितियाची घट्ट मिठी.

मी बरी आहे, पोटभर जेवते. नर्सिंगच्या शिक्षणात आता लहान मुलांचा वॉर्ड मिळालाय. तुझी कंबर कशी आहे?

काल जुलाब झालेला छोटा पेनी माझ्याकडे होता. रक्त काढायला सुई टोचली तरी हूं की चूं नाही. आपल्याकडे मोठ्यांपुढे पोरांनी गप्पच बसायचं ना, म्हणून मी त्याच्या आईला म्हटलं, “किती गुणी पोर!” केवढी खूश झाली ती.

दुपारी मखेरेता सिस्टर आल्या. त्यांनी त्याच्या पोटाची कातडी चिमटीत धरून सोडली, तर ती तशीच उभी राहिली. “गुणी कसला गं? रडायला अंगात पाणीच उरलं नाहीये त्याच्या!”

हे मला सकाळीच कळायला हवं होतं.

सलाइन लावल्यावर आज त्याने भोकाड पसरलं, तर पोराने दंगा केला म्हणून त्याची आईच माझी माफी मागायला लागली. मला मान वर करवेना.

दादाचा टोमासी कसा आहे? न रडल्याबद्दल तू मला भाजलेलं केळं जास्तीचं द्यायचीस. त्याला तसं देऊ नकोस, आई. रडू दे त्याला.

तुझीच,
लितिया