खिळ्यावरचा नान

१४ सप्टेंबर, गुरुवार

एने आजही माझ्या हातचं जेवल्या नाहीत.

घरात आता दोघीच — सासूबाई आणि मी. सगळं गाव त्यांना एने म्हणतं, मीही म्हणते. एक चूल, पण पातेली दोन. त्यांच्यापुरता नान शेजारची, वयाने थोरली उल्कान एजे दुसऱ्या तंदुरावरून आणून देते. आणि आमच्या अंगणात माझा तंदूर धगधगत असतो!

गुरुवार म्हणजे गेलेल्या माणसासाठी तळण करून तेलाचा वास काढायचा दिवस. वास वर जातो, त्याला पोचतो, असं एने मानतात. मी मानत नाही. पण त्यांचे सांधे दुखतात, म्हणून बोर्सोकचं, म्हणजे तळायच्या छोट्या पुऱ्यांचं, पीठ मळून ओट्यावर ठेवलं आणि अंगणात गेले. परत येऊन पाहते तर माझा गोळा झाकलेला, तसाच. त्या दुसरं पीठ मळत होत्या. फुगलेल्या बोटांनी.

१६ सप्टेंबर

दारासमोरच्या भिंतीवर माझ्या नवऱ्याचा, असिलबेकचा नान आहे. रोज नजर जाते. ठरवलं तरी जाते.

मार्चमध्ये तो रशियाला बांधकामावर निघाला, त्या दिवशीचा. एनेंनी तंदुरातला ताजा नान त्याच्यापुढे धरला. निघणाऱ्याने एक घास चावायचा, बाकीचा नान खिळ्याला टांगायचा, आणि परत येऊन त्यानेच तो संपवायचा. नान माणसाला घराकडे ओढतो म्हणतात. असिलबेकने डोळे मिटून प्रार्थना केली, "आमेन" म्हणाला, आणि केवढा मोठा घास! गाल फुगवून माझ्याकडे बघून हसला.

बिस्मिल्ला म्हणाला नाही.

ऑगस्टमध्ये पेटीतून आला.

तेव्हापासून एने एकच बोलतात, तेही मला नाही — भिंतीला. "नानला त्याची भाषाच कळली नाही. मग ओढणार कसा?"

लोकांना वाटतं मला काही झालेलंच नाही. दफनाच्या दिवशीही मला मोठ्याने रडता आलं नाही. बायका एकमेकींना कोपरं मारत होत्या, ते दिसत होतं.

१७ सप्टेंबर, रविवार

तंदूर बंद. लिदिया आजीकडे प्रार्थनेला गेले. आम्ही येशूला मानणारी मूठभर माणसं. तिच्याच बैठकीत बसतो, चहा तिच्याच किटलीतला. गावच्या कबरस्तानात असिलबेकला जागा दिली नाही — "तो आपला राहिला नव्हता" — तेव्हा शहरातल्या जुन्या रशियन कबरस्तानात, तिच्या नवऱ्याच्या शेजारी, तिनेच जागा मिळवून दिली. स्वतःसाठी राखलेली होती ती.

तिला नानचं सांगितलं. म्हणाली, "उतरव तो. आपण खिळ्यावरच्या नानवर विसंबत नाही, बाळ."

मग चहा ओतता ओतता: "माझ्या हाइनरिखचा चष्मा अजून खिडकीत आहे. त्याबद्दल मला काही विचारायचं नाही."

दोघी हसलो. किती दिवसांनी!

२० सप्टेंबर

ओशहून कालमुरात अके आले. असिलबेकचे थोरले भाऊ. मी दारातच नान पुढे केला. दारी आलेल्याने निदान तुकडा मोडून तोंडाला लावायचा, हे त्यांनीच लहानपणी असिलबेकला कानाला धरून शिकवलेलं. त्यांनी नानला बोट लावलं. तोंडाला नाही.

बसल्या बसल्या सुरुवात. "मोठा बाजार भरतो रविवारी, आणि नेमका रविवारीच हिचा तंदूर थंड! असा धंदा असतो का?"

मी म्हटलं, "असिलबेक असतानाही बंदच असायचा, अके."

"असताना!" एवढंच म्हणाले. मग गळा खाकरून: "थंडी पडायच्या आत आईला ओशला नेतो. ती तुझ्या हातचं पाणीसुद्धा पीत नाही, इथे राहून काय करेल? आणि ती गेल्यावर घर तरी कुणासाठी उघडं ठेवायचं? मूलबाळ नाही. तुला माहेर आहे."

एने खिडकीत बसल्या होत्या. मान वळवली नाही.

उल्कान एजे साय द्यायला आली होती, ती मध्ये पडली. तिला कोण अडवणार! "खिळ्यावर नान टांगलेलं घर बंद करतोस, कालमुरात? ओशला जाऊन फार शहाणा झालास!"

अके लाल झाले. "नान आहे तोवर मी घराचं बोलत नाही. झालं?" मग माझ्याकडे बोट. "पण उतरवायचा की नाही, हे आई ठरवेल. तू त्याला हात लावायचा नाहीस."

२१ सप्टेंबर

देवा, मला त्या खिळ्याचा लोभ नाही.

खोटं. आहे.

२५ सप्टेंबर

आज बरेच नान परत आले. उल्कान एजे बाजारात विकते ते. दोघीतिघी बायकांनी माझा नान हातात घेऊन परत ठेवला म्हणे. एजेने त्यांना सुनावलं — "भाकरीत काय शोधता गं? गरम असली की सगळ्यांची, शिळी झाली की कुणाचीच नाही!" तरी घेतला नाहीच.

मला वाटलं होतं, काम तरी सोपं जाईल. हात तेच, पीठ तेच. पण ही पद्धत आम्हा दोघांची होती. मी गोळा थापायची, मधोमध खिळे लावलेल्या लाकडी शिक्क्याचा ठसा मारायची, आणि ठसा मारताना एक नाव घ्यायचं. तो नान देवापुढे त्या माणसाचा. नाव असिलबेक सांगायचा, आणि तंदुरात वाकून नान भिंतीला तोच चिकटवायचा. "हा टपालवाल्याला — बायको आजारी आहे त्याची." "हा कालमुरातला — डोकं थंड कर, देवा." पहिला नान नेहमी एनेंचा.

आता दोन्ही कामं मीच करते. भुवया जळाल्या. नावं मोठ्याने घेते, नाहीतर अंगण फार शांत वाटतं.

लिदिया आजी म्हणते, चर्च म्हणजे रविवार नव्हे, सोमवार. आज सोमवारच होता. परत आलेले नान शाळेपाशी वाटून टाकले. पोरांनी काही शोधलं नाही त्यात.

२८ सप्टेंबर, गुरुवार

पीठ मळून ठेवलं. तसंच राहिलं.

३ ऑक्टोबर

आज काहीतरी झालं!

रात्रभर ताप होता. उठायला उशीर, सरपण ओलं, धूर. घाईघाईने पहिला नान थापला, ठसा मारला, आत चिकटवला. दुसरा घेतला. तेवढ्यात मागून खिडकी वाजली.

"पहिला तसाच गेला."

मी वळले. एने. मला वाटलं, जळला की काय. "आत्ताच लावलाय, एने. भाजतोय."

"तसाच गेला म्हणते. नाव न घेता."

आणि खिडकी लावून घेतली.

म्हणजे त्या ऐकतात. रोज. पहिल्यापासून.

हातातला गोळा तसाच धरून मी उभी राहिले. मग दुसऱ्या नानवर त्यांचं नाव घेतलं. जरा मोठ्यानेच!

५ ऑक्टोबर, गुरुवार

सकाळी एने अंगणात आल्या आणि तंदुराजवळच्या ओंडक्यावर बसल्या. मी एकेक नाव घेत होते. शेवटचा नान आत गेला तशा म्हणाल्या, "त्याचं घेत नाहीस."

कोणाचं ते विचारावं लागलं नाही.

मी म्हटलं, "तो देवाजवळ आहे, एने. त्याच्यासाठी भाकर मागावी लागत नाही आता."

"भूक लागत नाही त्याला?"

"नाही."

"नक्की?"

"नक्की."

निखाऱ्यांकडे बघत म्हणाल्या, "मग मी दर गुरुवारी तळण कुणासाठी काढते?"

जे खरं होतं ते बोलले. "वास आला की मला बरं वाटतं. घरात कुणीतरी आहे असं वाटतं. माझ्यासाठी काढा."

उठून आत गेल्या. मी दुपारी पाहिलं तर ओट्यावरचा माझा गोळा नव्हता. माझ्या पिठाचे बोर्सोक! शेजारी वाटले, मला ताटलीभर दिले. स्वतः मात्र एकही खाल्ला नाही. पण काढले!

८ ऑक्टोबर, रविवार

लिदिया आजीला सांगितलं. ती म्हणाली, "पीठ मळायला देवाने कुणाला मनाई केलेली नाही." आणि डोळे पुसले — कांद्यामुळे म्हणे. कांदा कुठेच नव्हता.

१४ ऑक्टोबर

कालमुरात अकेंचा फोन. तेविसला, सोमवारी, गाडी घेऊन येतात. एनेंच्या कानाला मीच फोन लावला. मला वाटलं होतं... काय वाटलं होतं कोण जाणे.

एने म्हणाल्या, "ये."

१५ ऑक्टोबर, रविवार

प्रार्थनेत बसले, पण एक शब्द सुचला नाही. नुसती बसले. तेही देवाला पोचत असावं.

१९ ऑक्टोबर, गुरुवार

तळण झाल्यावर एनेंनी विचारलं, "तो हाइनरिख कसा माणूस होता?"

मला कळेचना. "कोण?"

"त्याच्या शेजारी झोपलाय तो. शेजार कसा आहे?"

मी म्हटलं, "घड्याळं दुरुस्त करायचा. चांगला होता. लिदिया आजी म्हणते, बोलायला लागला की थांबायचाच नाही. घड्याळ दोन मिनिटांत नीट व्हायचं, पण गिऱ्हाईक सुटायला तास लागायचा."

"मग ठीक आहे," एने म्हणाल्या. "असिलबेकला गप्पा लागतात."

मी पटकन बाहेर आले. तंदुराच्या काठाला धरून रडले. मोठ्याने, अंगण दणाणेल असं. उल्कान एजे कुंपणावरून डोकावली आणि पुन्हा खाली वाकली. मागे खिडकी उघडीच होती. कुणी लावून घेतली नाही.

२२ ऑक्टोबर, रविवार

संध्याकाळी एनेंनी गाठोडं बांधलं. मी शाल घडी करून दिली, औषधं कशी घ्यायची ते सांगितलं. त्यांनी मान डोलावली.

मग स्टूल ओढलं. मी म्हटलं, "मी काढून देते, काय हवंय?" हाताने मला बाजूला केलं. स्वतः वर चढल्या — त्या गुडघ्यांनी! — आणि खिळ्यावरून असिलबेकचा नान काढला. दगडासारखा झालेला. कडेला त्याचा तो मोठा घास. एनेंनी त्यावरून अंगठा फिरवला, नान आपल्या पांढऱ्या रुमालात गुंडाळला आणि गाठोड्यात सगळ्यात वर ठेवला.

त्यांच्या मुलाचा आहे. त्यांनी न्यावा.

खिळा मोकळा आहे. उद्या कालमुरात अके बघतील, आणि मग घराचं बोलतील. शब्द दिला होता त्यांनी — नान आहे तोवर.

माहेरी तंदूर नाही. पण गोळा कुठेही थापता येतो, नाव कुठेही घेता येतं. हे मी स्वतःला समजावते आहे. थोडं पटतंय.

उद्या सोमवार. पीठ भिजवून ठेवलं आहे. पहिला नान एनेंचा, त्या असोत नसोत.

२३ ऑक्टोबर, सोमवार

अकेंनी खिळा बघितला. गाठोडं गाडीत ठेवलं. एने गाडीपाशी गेल्या, तिथून वळल्या आणि काठी टेकत सरळ तंदुराशी आल्या. "माझ्या नावाचा कुठला?" मी आकड्याने काढून दिला. "बिस्मिल्ला," म्हणाल्या. मग माझ्याकडे बघून, "तुझंही म्हण." मी आमेन म्हटलं. त्यांनी फुंकर घातली आणि चावला. चावत राहिल्या, गिळला, आणि उरलेला माझ्या हातात दिला. "त्याच खिळ्याला लाव. वसंतात येऊन संपवते."

अके तोंड उघडं टाकून उभे होते.

लावला आहे. चारच दातांची खूण आहे, पण खोल आहे.