गाडीचे पाय वाढवले तेव्हा

१२ एप्रिल

गाडी माझी. कागदावर नाव माझं. आणि तिचे पाय उंच करायचं ठरवलं नातीने — मला न विचारता! सकाळी कोंबड्यांना दाणे टाकायला बाहेर आले तर अंगणात गाडी ओंडक्यांवर चढवलेली, चारही चाकं गवतात पडलेली, आणि खालून दोन बूट बाहेर. अर्नोल्दोचे. अख्ख्या लोन्किमायमध्ये इतके घाण बूट दुसऱ्या मेकॅनिकचे नाहीत.

यास्ना म्हणाली, आजी, आधी मातेचा चहा पी, मग भांड. मी आधी भांडले.

ही जपानी गाडी माझ्या नवऱ्याने, बेलार्मिनोने, मरायच्या आदल्या वर्षी घेतली. लांब पाठीची, चारही चाकांनी ओढणारी. मला चालवता येत नाही. पण तिच्यातून मेंढ्या गेल्यात, लाकडं गेलीत, आणि एकदा शवपेटी गेली — बेलार्मिनोचीच. एकच खोट, पोट फार खाली. बर्फ गुडघाभर झाला की पोट बर्फावर टेकतं आणि चाकं नुसती फिरत राहतात, उताण्या पडलेल्या किड्याच्या पायांसारखी. म्हणून दर जूनला, हिवाळा लागला की, माझी मुलगी नेल्दा, यास्नाची आत्या, मला खाली तेमुको शहरात तिच्या घरी नेते. चौथा मजला. थेट सप्टेंबरपर्यंत. असे चार हिवाळे गेले.

यास्नाचा हिशेब सरळ आहे. गाडी चार बोटं उंच झाली तर बर्फातही ती लोन्किमायहून माझ्या दारापर्यंत येऊ शकेल. औषध आणेल, पीठ आणेल. मग मला घर सोडायला नको.

हे ऐकलं आणि मग माते प्याले.

१३ एप्रिल

नेल्दाचा फोन. तिला यास्नाने सांगून टाकलंय. अर्धा तास ऐकून घेतलं. आई, तुझं वय काय. आई, पाय घसरला तर. आई, गेल्या वर्षी रस्ता तेवीस दिवस बंद होता. मी म्हटलं, ठाऊक आहे, ते तेवीस दिवस मी तुझ्या खिडकीत उभी होते आणि इकडे माझ्या दोन मेंढ्या मेल्या.

शेवटी तिने अट घातली. पहिला मोठा बर्फ पडला की ती स्वतः गाडीत बसणार. गाडी विउदाचा घाट चढून माझ्या दारात आली पाहिजे आणि त्याच दिवशी परत उतरली पाहिजे. ट्रॅक्टरचा दोर एकदाही लागता कामा नये. तसं झालं तर मी इथं राहायचं. नाही तर बॅग भरायची, आणि परत हा विषय काढायचा नाही.

मी हो म्हटलं. मग यास्नाला म्हटलं, आता गाडीचं काम नीट कर.

१९ एप्रिल

पिन्योन, डोंगरातल्या झाडांच्या बिया, उकडायला ठेवले आणि गाडीखाली शिरले. गोणपाट टाकून आडवी झाले. अर्नोल्दो घाबरला. म्हणाला, बाई, बाहेर निघा, अंगावर तेल पडेल. मी म्हटलं, माझ्या अंगावर मेंढीचं बाळंतपण पडलंय, तेलाचं काय.

त्याला सगळं विचारलं. हे काय, ते काय. स्प्रिंगच्या डोक्यावर जाड ठोकळे बसवायचे, म्हणजे गाडी वर उचलली जाते. मग मी विचारलं, पाय लांब झाले आणि इंजिनही वर गेलं, तर चाकाकडे जाणारे हे दांडे तिरके नाही का होणार? त्याने दांड्याला हात लावून पाहिला. म्हणाला, होतात. म्हणून इंजिन ज्या पाळण्यात बसतं त्याच्यावरही ठोकळे घालून पाळणा खाली आणायचा.

दांड्याच्या सांध्यावर रबरी मोजा असतो. आत ग्रीस. सांधा फार वाकला की मोजा फाटतो, ग्रीस सांडतं, माती शिरते, सांधा संपला. मी म्हटलं, माझ्या गुडघ्यांवर पण दोन चढव.

आतून गाडी इतकी कामाची असेल असं वाटलं नव्हतं. इतकी वर्षं मी नुसती तिच्या सीटवर बसले!

२० एप्रिल

कालचे पिन्योन करपले. गाडीपायी.

२ मे

पोटाखाली लोखंडी पत्रा लावला. जुन्या पाण्याच्या टाकीचा कापून. दगड लागला तर पत्र्याला लागेल, इंजिनला नाही. अर्नोल्दोने चार ठिकाणी भोकं ठेवली, तेल काढायला. मी पाचवं ठेवायला लावलं. बर्फ आत साचला तर वितळून जाणार कुठून? म्हणाला, बाई, तुम्ही माझ्याकडे कामाला या. मी म्हटलं, आधी बूट धू.

मागची चाकं उंच केल्यावर जरा पुढे सरकली आहेत, चाकावरच्या कमानीला घासत होती. कमानीची कड हातोड्याने आत वळवली. बेलार्मिनो असता तर तीन दिवस जेवला नसता.

१० मे

गाडी उभी राहिली. जाड दातांचे टायर. अर्नोल्दो म्हणाला, आता ही घाट खाऊन टाकेल. पुढची जोडी कोरी करकरीत, मागची त्याने कुणाच्या तरी पिकअपची काढून आणली, पण बाजूला आकडा तोच लिहिलाय म्हणे.

मी बसायला गेले. पाय पोचेना. यास्नाने दुधाची पेटी आणून ठेवली, त्यावर पाय दे म्हणाली. लाथ मारली पेटीला. दाराच्या वरची मूठ धरून स्वतः चढले. दोनदा घसरले, तिसऱ्यांदा बसले. दोघं तोंड फिरवून हसत होती. हसू देत.

१४ मे

काहीतरी बिनसलंय.

यास्ना लोन्किमायहून आली. अंगणात गाडी वळवायला गेली, तर वळताना गाडी अडखळते. हिसका, थांब, हिसका. जसं कुणी मागून ओढून धरतंय. आणि थांबवल्यावर वास. जळक्या तेलाचा. यास्ना म्हणाली, नवीन आहे आजी, रुळेल.

हे मला पटलं नाही. बेलार्मिनो बैल जुंपायचा तेव्हा आधी दोघांची पावलं बघायचा. एक लांब टाकणारा आणि एक आखूड टाकणारा असला, की संध्याकाळी शिंगांना बांधलेल्या जोखडाखाली दोघांचं कातडं सोललेलं. बैल वाईट नसतात. जोडी वाईट असते.

मागाजवळून लोकर घेतली. पुढच्या चाकाला धागा गुंडाळला, जिथं टोक मिळालं तिथं गाठ मारली. तोच धागा मागच्या चाकाला गुंडाळला.

दोन बोटं उरला!

परत केलं. दुसऱ्या बाजूला पण केलं. दोन बोटं.

१५ मे

अर्नोल्दोला बोलावून धागा हातात दिला. आधी हसला. बाई, आकडा तोच आहे, झिजलेत जरा, इथं सगळेच तसं करतात. ते खरं आहे. इथं टायर जोडीनेच घेतात, यंदा एक जोडी, पुढच्या वर्षी दुसरी. पिकअपला चालतं, तिला मागचीच दोन चाकं ढकलतात.

पण हिला चारही ओढतात ना? मी विचारलं. मग लहान चाक जास्त गरगरतं, मोठं कमी. दोघांच्या मध्ये कोण भांडतंय?

त्याचं हसू गेलं. म्हणाला, मधला डबा. पुढच्या आणि मागच्या चाकांमध्ये ओढ वाटून देणारा. तोच तापतोय. यास्नाने गाडीतलं पुस्तक काढून वाचलं. त्यात लिहिलंय, चारही टायर सारखे हवेत, अर्ध्या बोटाएवढाही फरक चालणार नाही. आणि आम्ही दोन बोटं घेऊन घाट चढणार होतो. मध्येच डबा जळला असता, ट्रॅक्टर आला असता, आणि मी चौथ्या मजल्यावर.

अर्नोल्दो टोपी काढून उभा राहिला. मी म्हटलं, टोपी घाल, थंडी आहे. टायर आण.

१८ मे

कोऱ्या टायरची जोडी कुराकाउतिनच्या एका माणसाकडे मिळाली, अगदी पुढच्यासारखी. त्याच्या बायकोला डोक्यातून घालायचा जाड मांता हवा होता. मी करड्या लोकरीचा विणत होते, तो दिला. यास्ना म्हणाली, आजी, तू तो स्वतःसाठी विणत होतीस. मी म्हटलं, मी इथं राहिले तर दुसरा विणीन. खाली गेले तर मांता कशाला लागतो, तिथं हीटर आहे.

चारही चाकं परत धाग्याने मोजली. गाठीला गाठ. अंगणात वळवली — नुसती वळली. गप्प. वास नाही.

त्याच डब्यातलं तेल बदलून घेतलं. काळं निघालं. अर्नोल्दोने बोटाला लावून पाहिलं, माझ्याकडे पाहिलं, बोट पँटला पुसलं.

३ जून

अजून बर्फ नाही. आयुष्यात पहिल्यांदा बर्फाची वाट बघतेय. लाज वाटते.

नेल्दाचा फोन. बर्फाचं विचारते. तिचा आवाज पडलेला. मी म्हटलं, घाबरलीस का हरायला? म्हणाली, नाही आई.

१२ जून

पडला. सकाळी दार उघडेना. मेंढ्यांच्या गोठ्यापर्यंत फावड्याने वाट काढली. गुडघ्याच्या जरा वर आहे. नेल्दा तेमुकोहून बसने निघाली.

१४ जून

सगळं लिहिते, नाही तर नंतर ही मंडळी वेगळंच सांगतील.

सकाळी दहाला यास्नाने लोन्किमायहून गाडी काढली, शेजारी नेल्दा. साखळ्या चारही चाकांना. घाटाच्या दुसऱ्या वळणावर शेजारच्या ओमारची पिकअप कडेला तिरकी रुतली होती, तो हात हलवत होता. यास्नाने थांबून विचारलं, दोर हवा का. त्याने म्हणे गाडी खालून वर पाहिली आणि विचारलं, ही बेलार्मिनोचीच ना?

मी खिडकीत. आधी आवाज आला, बारीक, एकसारखा. मग लेंगा जातीच्या झाडांमधून नाक दिसलं. बर्फ कापत नव्हती, बर्फावरून चालत होती. पोट कोरडं! दारात आली आणि थांबली. ट्रॅक्टर नाही, दोर नाही.

नेल्दा उतरली. उंचीचा अंदाज नव्हता, बर्फात गुडघ्यांवर पडली. मी म्हटलं, उठ, अजून अर्धी अट राहिली आहे.

मग मी पण बसले. पहिल्याच झटक्यात चढले. घाट उतरून खाली पुलापर्यंत गेलो, ओमारला ओढून सरळ केलं, पुलावर गाडी वळवली, परत वर. अट पुरी. उतारावर गाडी एकदा बाजूला सरकली तेव्हा नेल्दाने माझा हात धरला. पूल आला तरी सोडला नाही. मी काढून घेतला नाही, हातमोजे विसरले होते.

अंगणात आल्यावर म्हटलं, बोल. म्हणाली, ठीक आहे आई. तू जिंकलीस.

मला वाटलं होतं, मी ओरडेन. काजुएलाचा रस्सा वाढला नुसता.

दुपारी यास्ना तिला घेऊन उतरणार होती. नेल्दा म्हणाली, फार दमलेय, एक दिवस राहते. यास्ना एकटी गेली.

१५ जून

नेल्दाने सगळी लाकडं उंचीप्रमाणे रचून ठेवली. कुणी सांगितलं होतं?

१६ जून

आज आकाश स्वच्छ. रस्ता उघडा. यास्ना फोनवर म्हणाली, आत्याला न्यायला येऊ का. नेल्दा म्हणाली, गुरुवारी ये. तिची बॅग अजून उघडीसुद्धा नाही, भरायची काय. दोन दिवस तेच कपडे.

नेल्दा शाळेच्या स्वयंपाकघरात कामाला आहे. मी म्हटलं, तिथं तुझी वाट बघत असतील. नेल्दाने मातेत पाणी ओतलं. उकळतं. ती कधी असं करत नाही, पान जळतं.

१८ जून

गुरुवार. यास्ना आली. नेल्दाचं डोकं दुखत होतं. यास्ना पीठ ठेवून गेली. जाताना माझ्याकडे असं पाहिलं, जणू मला काहीतरी कळायला हवं.

१९ जून

नेल्दाने आज सांगितलं. बटाटे सोलता सोलता, बटाट्याकडे बघत. शाळेतलं काम मार्चमध्येच संपलं, वयामुळे. कुणाला बोलली नाही. म्हणाली, "आई, बर्फाचं मी निमित्त करत होते. तू आलीस की त्या घरात कुणीतरी बोलायचं. तू भांडायचीस तरी."

चार हिवाळे मी तिला जेलर म्हणत होते.

मी सुरी घेऊन तिच्याजवळ बसले. म्हटलं, "साल पातळ काढ. हिवाळा मोठा आहे, बटाटे दोघींना पुरायचेत."

सहाला यास्नाचा फोन येईल, आत्याला कधी न्यायचं म्हणून. मी उचलणार नाही. फोन नेल्दाने घ्यायचा. उत्तर तिनेच द्यायचं.